घरावर फोरक्लोजर आलं तेव्हा: न्यू जर्सीतला आमचा अनुभव

मंडळाच्या दिवाळीत किंवा मुलांच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमात कुणी कुणाला सांगत नाही की आमच्या घरावर फोरक्लोजर, म्हणजे कर्ज थकल्यामुळे जप्ती, आलंय. मग ज्याच्यावर ही वेळ येते तो रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसतो, आणि जे सापडतं त्यातलं निम्मं भलत्याच राज्याचं असतं. मी स्वतः कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ बघून रडून घेतलंय. अमेरिकेत घर जप्त करण्याचा कायदा राज्यागणिक बदलतो, मुदती बदलतात, कोर्ट मध्ये येतं की नाही तेही बदलतं. तेव्हा खालचं सगळं न्यू जर्सीचं आहे हे लक्षात ठेवून वाचा. दुसरीकडे राहत असाल तर तिथलं विचारून घ्या.

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. 2020 च्या जूनमध्ये घर घेतलं, 4,55,000 डॉलरला. कर्ज 3,64,000, व्याज 3.25 टक्के, तीस वर्षांचं. मुद्दल आणि व्याज मिळून महिन्याला 1,584, आणि एस्क्रोत, म्हणजे हप्त्याबरोबर बाजूला जमा होणाऱ्या खात्यात, प्रॉपर्टी टॅक्स नि इन्शुरन्सचे हजाराच्या वर. एकूण हप्ता 2,614. (न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त. इथे घर घेतलेल्याला हे वेगळं सांगायला नको.)

सप्टेंबर 2023 मध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट बंद झाला. ग्रीन कार्ड असल्यामुळे एच-वन-बीवाल्यांच्या मागे लागतं ते साठ दिवसांत नवी नोकरी शोधायचं घड्याळ आमच्यामागे नव्हतं, तेवढंच सुख. बेकारी भत्ता सुरू झाला. मी शाळेत अर्धवेळ मदतनीस आहे. खेचत खेचत निभलं असतं, पण नोव्हेंबरमध्ये सांगलीला सासऱ्यांचं बायपास झालं आणि शिल्लक तिकडे गेली. त्याबद्दल आम्हा दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही. जानेवारी 2024 चा हप्ता चुकला.

हप्ता चुकला की पहिल्या दिवसापासून कोर्ट मागे लागत नाही. केंद्र सरकारचा नियम असा की थकबाकी 120 दिवसांच्या वर गेल्याशिवाय सर्व्हिसरला फोरक्लोजर दाखलच करता येत नाही. सर्व्हिसर म्हणजे आपला हप्ता गोळा करणारी कंपनी. कर्जाचा खरा मालक बहुधा वेगळाच असतो. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, दोघींच्याही वेबसाइटवर आपला पत्ता टाकला की कर्ज त्यांच्याकडे आहे का ते कळतं. आमचं फॅनी मेचं निघालं. हे आधी शोधून ठेवा, कारण कुठली सवलत मिळू शकते ते मालकाच्या नियमांवर ठरतं. एफएचएचं, म्हणजे सरकारी विमा असलेलं, कर्ज असेल तर तिथले पर्याय आणखी वेगळे.

त्या चार महिन्यांत सर्व्हिसरलाही गप्प बसता येत नाही. 36 दिवसांच्या आत त्यांनी तुमच्याशी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रयत्न करायचा, 45 दिवसांच्या आत लेखी पर्याय कळवायचे आणि तुमच्यासाठी माणूस नेमून द्यायचा. फेब्रुवारीत आम्हाला फोन आले. नवरा उचलायचा नाही. "काय सांगू त्यांना? नोकरी नाही हे?" असं म्हणायचा. मग मी उचलायला लागले आणि शाळेची जुनी वही घेऊन बसले: तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, त्याचा नंबर, काय म्हणाला. ती वही पुढे फार कामाला आली.

15 मार्चला नोटीस ऑफ इंटेन्शन आली. एक प्रत सर्टिफाइड मेलने, एक साध्या टपालाने. न्यू जर्सीच्या 1995 च्या फेअर फोरक्लोजर कायद्याप्रमाणे कोर्टात जाण्याच्या किमान 30 दिवस आधी ही द्यावीच लागते. वाचताना पोटात गोळा आला, पण सगळी वाचली. थकबाकी किती (दंड धरून आठ हजारांच्या वर), कुठल्या तारखेपर्यंत भरली तर प्रकरण मिटेल, आणि मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांची यादी. ही यादी पाकिटातला सगळ्यात मोलाचा कागद आहे.

डॅलसला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी फोनवर हे सांगत होते, तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे असतं तर तुला एवढा श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नसता." टेक्सासात नेहमीच्या प्रकरणात कोर्टात खटलाच चालत नाही. थकबाकी भरायला 20 दिवस, मग लिलावाची 21 दिवसांची नोटीस, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या आवारात घराचा लिलाव. झालेला लिलाव पैसे भरून सोडवायची सोयही साधारणपणे नाही. कॅलिफोर्नियातही बहुतेक जप्त्या कोर्टाबाहेरच होतात, पण नोटीस नोंदवल्यापासून तीन महिने थांबावं लागतं, मग विक्रीची नोटीस. न्यू जर्सीत मात्र सावकाराला सुपीरियर कोर्टात दावा लावून निकाल घ्यावाच लागतो. त्यामुळे इथे वेळ मिळतो. पण त्या वेळात सर्व्हिसरच्या वकिलाची फी आपल्याच खात्यावर चढत असते, हे कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

मार्चच्या शेवटी यादीतल्या एका संस्थेत गेलो. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, मान्यता असलेली संस्था, त्यामुळे फोरक्लोजरच्या सल्ल्याला एक पैसा लागला नाही. ज्यांना जवळची संस्था माहीत नाही त्यांनी 888-995-4673 या होप हॉटलाइनवर फोन करावा, तिथून जोडून देतात.

आमच्या कौन्सेलर बाई साठीच्या, मूळच्या त्रिनिदादच्या. त्यांनी आधी आमचा महिन्याचा खर्च ओळीओळीने लिहून घेतला. नवऱ्याला वाटलं होतं की कुणीतरी उपदेश करणार. बाईंनी फक्त विचारलं, "घर ठेवायचंय का विकायचंय?" हा प्रश्न खरा आहे. आमच्या घराची किंमत कर्जाच्या कितीतरी वर गेली होती. विकून सुटता आलं असतं, आणि ज्यांना उत्पन्न परत येण्याची आशाच नाही त्यांनी लिलावाची वाट न बघता स्वतः विकावं असं माझंही मत झालंय. पण तेवढ्याच घराचं इथलं भाडं आमच्या हप्त्यापेक्षा जास्त होतं आणि मुलगी दहावीत होती. ठेवायचं ठरलं.

कोविडकाळात 2021 च्या कायद्याने सुमारे दहा अब्ज डॉलरचा होमओनर असिस्टन्स फंड राज्यांना दिला होता. न्यू जर्सीतही त्यातून थकलेले हप्ते भरून दिले जात. ओळखीच्या एका कुटुंबाला त्याचा फायदा झाला होता. आमच्या वाट्याला तो आला नाही. बहुतेक राज्यांनी आता नवे अर्ज घेणं थांबवलंय, तरी कौन्सेलरला एकदा विचारून घ्या. आमच्यापुढे उरलं ते लोन मॉडिफिकेशन: थकलेली रक्कम कर्जात मिसळायची आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून घ्यायचा.

त्यासाठी जो अर्ज करायचा त्याला सगळे पॅकेज म्हणतात. अर्ज, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँकेची दोन महिन्यांची स्टेटमेंट्स, आणि हार्डशिप लेटर, म्हणजे अडचण सांगणारं पत्र. मी पत्र लिहिलं ते चार पानी झालं. त्यात सासऱ्यांच्या बायपासपासून कंपनीच्या राजकारणापर्यंत सगळं होतं. बाईंनी ते वाचलं, घडी घालून माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाल्या, तीन परिच्छेद. काय झालं, कधीपासून, आता काय बदललंय नि तुम्ही किती भरू शकता. एका पानाच्या वर गेलं की कुणी वाचत नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लोन नंबर लिहा, हेही त्यांनीच सांगितलं. स्टेटमेंटचं शेवटचं कोरं पानसुद्धा पाठवायचं, कारण "सहापैकी सहावं पान नाही" एवढ्यावरून अर्ज अपुरा ठरतो.

आणि तसा तो ठरत राहिला. नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत त्यांनी काय कमी आहे ते कळवायचं असतं. ते कळवायचेही. पण एक कागद पाठवावा तर तोवर दुसरा शिळा झालेला. एकदा सही वेगळ्या ठिकाणी हवी होती. एकदा सांगलीला दरमहा जाणारे पैसे कोणाला जातात ते हवं होतं. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते आमच्या भिशीने.

आम्ही दहा जणी महिन्याला पाचशे काढतो. एप्रिलला चिठ्ठी माझी निघाली. एकाच दिवशी झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सोयीने नऊ जणींचे पाचपाचशे खात्यात आले, आणि सर्व्हिसरने विचारलं की हे न दाखवलेलं उत्पन्न आहे की नवं कर्ज? मी पत्रात लिहून दिलं की या मैत्रिणी आहेत, मी दर महिन्याला तेवढेच देते, वर्षातून एकदा माझी पाळी येते, व्याज नाही. सोबत मागच्या महिन्यांतले माझे गेलेले पाचशे अधोरेखित केले. बाईंना हे समजावायची गरज पडली नाही. त्यांच्या आईकडच्या बायकाही हेच करायच्या. त्यांनीच तीन ओळींत ते व्यवस्थित मांडून दिलं. तुमच्याकडे भिशी असेल, पाहुण्यांचे पैसे तुमच्या खात्यातून फिरत असतील, तर अर्जाबरोबरच खुलासा जोडा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका.

हे इतकं जपायचं कारण असं. दावा दाखल व्हायच्या आधी पूर्ण अर्ज त्यांच्या हातात पडला तर त्याचा निर्णय होईपर्यंत दावा लावता येत नाही. सगळी गंमत त्या "पूर्ण" शब्दात आहे. आमचा झाला नाही. जूनच्या शेवटी दावा लागला.

कागद द्यायला आलेला माणूस अगदी साधा होता, टी-शर्ट आणि कॅप. नाव विचारलं, जाडजूड लिफाफा दिला, "हॅव अ गुड वन" म्हणाला आणि गेला. शेजारीण झाडांना पाणी घालत होती. मी तिच्याकडे बघून हात हलवला आणि आत येऊन दार लावलं. त्या रात्री आम्ही जेवलो की नाही ते आठवत नाही.

लिफाफ्यात दोन मुदती असतात. दाव्याला उत्तर द्यायला 35 दिवस, आणि कोर्टाच्या मध्यस्थी योजनेत नाव घालायला 60 दिवस. मध्यस्थी मागितली म्हणून 35 दिवसांची मुदत थांबत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. आम्ही एका वकिलाला तासाभराचे तीनशे डॉलर देऊन कागद दाखवले. ते म्हणाले, कर्ज तुमचं, थकबाकी खरी, हिशोब बरोबर, मग लढण्यासारखं काही नाही. उत्तर दाखल करायची फी 175 डॉलर, ती वाचवा आणि मध्यस्थीकडे लक्ष द्या. तुमच्या हिशोबात घोळ असेल, भरलेला हप्ता धरला नसेल, तर मात्र उत्तर द्यायलाच हवं. पैसे नसतील तर फी माफीचा अर्ज असतो, आणि लीगल सर्व्हिसेस या मदतसंस्थेच्या मर्यादेत उत्पन्न बसलं तर वकीलही फुकट मिळतो. कुणी हरकत घेतली नाही की प्रकरण ट्रेंटनच्या ऑफिस ऑफ फोरक्लोजरकडे जातं आणि तिथून निकाल निघतो. त्या निकालाचा अर्ज करण्याआधी सावकाराने पुन्हा किमान 14 दिवसांची नोटीस द्यायची असते, आणि निकाल लागेपर्यंत कधीही थकबाकी भरून प्रकरण पूर्ववत करता येतं.

दावा लागला की ती सार्वजनिक नोंद होते. मग मेलबॉक्स भरायला लागतो. "घर रोखीने घेतो", "फोरक्लोजर थांबवतो", पिवळ्या कागदावर हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात. त्यातला एक फोन मराठीतून आला. "ताई, मी पण कोल्हापूरचाच. आपल्या माणसाला मदत करायची म्हणून फोन केला." साडेतीन हजार आधी भरायचे, आणि एक छोटा फॉर्म सही करायचा. फॉर्म मेलवर मागवला. ते क्विटक्लेम डीड होतं, म्हणजे घर त्याच्या नावावर. कर्ज अर्थातच आमच्याच नावावर राहिलं असतं. मॉर्गेजमध्ये मदत करतो म्हणणाऱ्या कंपनीला, सावकाराकडून लेखी प्रस्ताव आणून तो तुम्ही मान्य करेपर्यंत, फी घ्यायची केंद्राच्या नियमाने बंदी आहे. वकिलांना काही अटींवर सूट आहे, बाकी कुणाला नाही. आपल्या भाषेत बोलतो एवढ्यावर विरघळू नका. मी जवळजवळ वीस मिनिटं त्याच्याशी तांबड्या रश्शाबद्दल बोलत होते.

जुलैत नवऱ्याला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी, पण पगार. पहिल्या महिन्याच्या स्लिपा हातात आल्यावर पॅकेज नव्याने पाठवलं आणि ऑगस्टमध्ये "अर्ज पूर्ण" असं पत्र आलं. ते पत्र मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. तिथून त्यांना निर्णयाला 30 दिवस.

मध्यस्थी सप्टेंबरमध्ये झाली, झूमवर. एका चौकोनात मध्यस्थ, एकात सर्व्हिसरचा वकील, एकात सर्व्हिसरचा माणूस, आणि आमच्या चौकोनात आम्ही दोघं नि आमच्या बाई. मध्यस्थ कुणावर निर्णय लादू शकत नाही. पण एक मोठी गोष्ट होते: इतके महिने फोनवर दर वेळी नवीन आवाज ऐकणाऱ्या आपल्याला एकदाचा असा माणूस समोर मिळतो ज्याच्या पुढ्यात आपली फाइल उघडी आहे. "एप्रिलची डिपॉझिट्स कसली?" असं त्याने विचारलंच. वहीतली तारीख वाचून दाखवली, खुलाशाचं पत्र कधी पोचलं ते सांगितलं. मध्यस्थ बाईंनी त्याला ते शोधायला लावलं आणि ते सापडलं.

ऑक्टोबरमध्ये ट्रायल प्लॅन आला: नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तीन हप्ते ठरलेल्या तारखेला. एकही चुकला तर सगळं मुसळ केरात. आम्ही ऑटो-पेवर विसंबलो नाही. दर महिन्याला भरून पावतीचा स्क्रीनशॉट काढला. फेब्रुवारी 2025 मध्ये कायमच्या मॉडिफिकेशनचे कागद आले आणि बँकेत नोटरीसमोर सह्या केल्या. आमच्या बाबतीत व्याज 3.25 टक्केच राहिलं. बाहेर सात टक्के चालू असताना हीच मोठी धास्ती होती. थकलेलं व्याज, एस्क्रोत त्यांनी भरलेला टॅक्स आणि त्यांच्या वकिलाचे सुमारे चार हजार, सगळं मुद्दलात गेलं. कर्ज 3,59,000 च्या आसपास झालं आणि मुदत नव्याने चाळीस वर्षं. मुद्दल-व्याजाचा हप्ता 1,337. शेवटचा हप्ता 2065 मध्ये. तेव्हा मी चौऱ्याऐंशीची असेन. नवरा म्हणतो, "बरं झालं, तोवर जगायला कारण मिळालं."

आम्ही लिलावापर्यंत गेलो नाही. पण जे तिथवर पोचलेत त्यांच्यासाठी बाईंनी सांगितलेलं थोडक्यात देते. निकालानंतर शेरीफ सेल लागतो. घरमालकाला दोनदा, प्रत्येकी 30 दिवसांपर्यंत, तो पुढे ढकलून घेता येतो, शेरीफच्या ऑफिसात मागणी करून. सेलला 37 दिवसांपेक्षा जास्त अवधी असताना पूर्ण अर्ज गेला तर तो आधी तपासावा लागतो. चॅप्टर 13 चा दिवाळखोरीचा अर्ज सेल थांबवतो, पण तो वकिलाशिवाय करायला जाऊ नका. सेल झाल्यावरही दहा दिवस सगळी रक्कम भरून घर सोडवता येतं. आणि घर कर्जापेक्षा जास्त किमतीला गेलं तर वरचे पैसे तुमचे असतात. ते कोर्टात पडून राहतात, अर्ज केल्याशिवाय कुणी आणून देत नाही. न्यू जर्सीत किमती इतक्या वाढल्यात की ही रक्कम मोठी असू शकते.

सह्या झाल्या म्हणजे संपलं असं समजू नका. दावा मागे घेतला जायला आणखी काही आठवडे गेले. काउंटी क्लर्कच्या वेबसाइटवर आपलं नाव टाकून लिस पेंडेन्सची, म्हणजे घरावर दावा चालू असल्याची, नोंद रद्द झाली का ते बघत राहा, आणि दावा काढून टाकल्याच्या आदेशाची प्रत मागून घ्या, पुढे घर विकताना मालकी तपासणारी टायटल कंपनी विचारणारच. क्रेडिट स्कोअर 770 वरून सहाशेच्या खाली गेला होता, हळूहळू चढतोय. चुकलेल्या हप्त्यांच्या नोंदी सात वर्षं राहतात. गाडीचं कर्ज, नवं कार्ड, मुलीच्या कॉलेजसाठी को-साइन, हे सगळं त्याच हिशोबाने ठरवावं लागेल. आणि एस्क्रोचा आढावा दरवर्षी होतो: या मे महिन्यात टॅक्स वाढल्यामुळे आमचा एकूण हप्ता 60 डॉलरने वर गेलाय.

मिडलसेक्स, सॉमरसेट किंवा जवळपास कुणाला पत्र लिहायला, पॅकेज लावायला मदत हवी असेल तर खाली कळवा, नाव न देता कळवलं तरी चालेल. शनिवारी दुपारी मी घरी असते. येताना दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स शेवटच्या कोऱ्या पानासकट आणा, आणि आलेली सगळी पाकिटं, न उघडलेलीसुद्धा.